पुढचा बाक

त्या शाळेत आलेल्या पाहुण्याला आधी चॅपल दाखवायचं आणि चॅपलमध्ये आधी पुढचा बाक, असा रिवाजच होता. प्रयोगशाळा, मैदान, चषकांचं कपाट, सगळं त्यानंतर. बाक तसा बघायला काहीच नव्हता. साधं लाकूड, पाठ नको इतकी ताठ, आणि एका टोकाला कुण्या कार्ट्याने कर्कटकाने कोरायला घेऊन अर्धवट सोडलेलं अक्षर. पण सगळ्या शाळेचा जीव त्या बाकात होता.

त्याचं असं होतं. दर शुक्रवारी सकाळच्या प्रार्थनेत सगळी शाळा गुडघे टेकून एका सुरात आपल्या चुकांची कबुली म्हणायची. इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, अँग्लिकन शाळांत ती असतेच. सगळ्यांनी मिळून म्हटलं की एकट्यादुकट्याला लाज वाटत नाही, हा तिचा मोठा फायदा. या शाळेने त्यात आपली एक भर घातली होती. आपली चूक अशी सगळ्यांच्या चुकांत ढकलून द्यावी असं ज्याला वाटत नसेल, त्याने त्या दिवशी पुढच्या बाकावर जाऊन बसायचं. बसणाऱ्याला कुणी कारण विचारायचं नाही, कुणी उठवायचं नाही, आणि चॅपलबाहेर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एरवी त्या शाळेत सकाळी जिन्यात कुजबुजलेलं दुपारपर्यंत शिक्षकांच्या खोलीत पोचायचं. पण बाकावर कोण बसलं होतं हे मात्र कुणाच्या तोंडून निघत नसे. पोरं नियम पाळायची, कारण आज ना उद्या आपल्यालाही तिथे बसावं लागणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

बाकाची प्रथा सुरू झाली संस्थापकांपासून. ते दाढीवाले पाद्री होते, आणि त्यांचं तैलचित्र जेवणाच्या हॉलमध्ये अजूनही पोरांच्या ताटांवर नजर ठेवून असायचं. त्यांनी एका मुलाला चॅपलची रंगीत काच फोडल्याबद्दल सगळ्यांसमोर छड्या मारल्या होत्या. काच वाऱ्याने खिडकी आपटून फुटली होती, हे मागाहून कळलं. पुढच्या शुक्रवारी संस्थापक आपली उंच खुर्ची सोडून खाली उतरले आणि पुढच्या बाकावर, लहान मुलांच्या शेजारी, गुडघे टेकून बसले. ही हकिगत पितळी पाटीवर कोरून बाकाजवळ लावली होती. ती वाचताना भल्याभल्यांचे डोळे पाणवायचे.

पाटीवरचा मजकूर लिहिला होता उपमुख्याध्यापिका बाईंनी. बाई इतिहास शिकवायच्या आणि शाळेचा इतिहास तर त्यांच्या जिभेवर होता. पोरांनी त्यांचं नाव 'इस्त्री' ठेवलं होतं. एक तर त्यांच्या नवऱ्याचं रस्त्याच्या कोपऱ्यावर लाँड्रीचं दुकान होतं, आणि दुसरं म्हणजे बाईंच्या कपड्यांनाच काय, बोलण्यालाही कधी सुरकुती पडत नसे. हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, येत्या सत्राअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीत बाई बसणार हे शाळेतल्या मांजरालासुद्धा कळलं होतं. फक्त बिशपसाहेबांनी संस्थापक दिनाला येऊन ते जाहीर करायचं बाकी होतं.

आणि नेमका त्याच वेळी झेंड्याला डाग पडला.

हा झेंडा शाळेच्या पहिल्या तुकडीतल्या मुलींनी भरतकाम केलेला, जुना, हस्तिदंती रेशमाचा. वर्षातून एकदा, संस्थापक दिनाच्या मिरवणुकीत तो सगळ्यांच्या पुढे निघायचा, आणि तो धरण्याचा मान दहावीतल्या एकाला मिळायचा. या वर्षी तो शिडीला मिळाला होता. शिडी ही वसतिगृहात राहणारी मुलगी. वर्गात सगळ्यांपेक्षा हातभर उंच, म्हणून शिडी. तिचे आईवडील दूर कुठेतरी रस्त्यांच्या बांधकामावर होते आणि मुलीने झेंडा धरलेला बघायला ते रजा काढून येणार होते. हे तिने साऱ्या वसतिगृहाला इतक्यांदा सांगितलं होतं की पोरी तिला बघून कानांवर हात ठेवायच्या.

रंगीत तालीम झाली. झेंडा नीट घडी करून चॅपलमागच्या, गायकवृंदाच्या झग्यांच्या खोलीत ठेवायचं काम शिडीचं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाट उघडलं, तर झेंड्यावर तळहाताएवढा लालभडक डाग. बाईंनी झेंडा पिशवीत घातला आणि तडक नवऱ्याचं दुकान गाठलं.

नवऱ्याने तो दिव्याखाली धरला, डाग नखाने हळूच खरवडला आणि म्हणाला, "नेलपॉलिश आहे. निघेल बरंचसं. पण रेशीम आहे बाबा, थोडी गुलाबी छटा राहील."

बाईंची लेक तिथेच गल्ल्यामागच्या स्टुलावर अभ्यास करत बसली होती. नववीत होती ती, चॅपलच्या गायकवृंदात गायची. तिने मान वर केली, झेंड्याकडे पाहिलं आणि वही उचलून जिन्याने वर घरात गेली. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना दुसरंच आठवत होतं. सुट्टीवरून परतताना शिडीच्या नखांना लाल रंग होता आणि बाईंनीच तो तिला सगळ्यांसमोर घासून काढायला लावला होता. मग आणखी शोधायचं काय राहिलं?

दहावीच्या वर्गात बाईंनी शिडीला उभं केलं. शिडी म्हणाली, "बाई, मी नाही केलं. मी घडी करून ठेवला तेव्हा तो चांगला होता."

"कपाट कुणाच्या ताब्यात होतं?"

"माझ्या. पण खोली उघडी असते बाई, गाण्याची मुलं येतात जातात."

"गाण्याच्या मुलांवर ढकलू नकोस." बाईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे, त्यामुळेच पोरं जास्त टरकायची. "झेंडा आता दुसरं कुणी धरेल. आणि हे बघ, शुक्रवार येतोय. बाक कशाला ठेवलाय आपण? मन मोठं करून तिथे बस, मग झेंड्याचं बघता येईल. माझं मन काही दगडाचं नाही."

हे बोलताना बाईंना आपण फार उदार आहोत असं वाटत होतं. ज्या बाकावर माणसाने आपणहून जायचं, त्याचा आपण सौदा केला, हे त्यांच्या गावीही नव्हतं. इतिहासाच्या बाई, पण स्वतःच्याच पाटीचा अर्थ त्यांना लागला नाही.

त्या शुक्रवारी सकाळी संस्थापक दिनाच्या स्मरणिकेची मुद्रितं तपासायला बाई छापखान्यात गेल्या होत्या, त्यामुळे चॅपलला त्या नव्हत्याच. बाकावर कोण बसलं हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं. आणि कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं नसतं. आपणहून आपल्याकडे येऊन शिडी काही बोलली नाही, एवढ्यावरून ती बसली नसणार असं बाईंनी धरून टाकलं आणि झेंडा दहावीतल्या एका मुलाला दिला. शिडीने आईवडिलांना येऊ नका म्हणून फोन केला, हे वसतिगृहाच्या वॉर्डनने जेवताना सहज सांगितलं. बाईंनी पुढे ऐकलं नाही, त्यांना भाषण पाठ करायचं होतं.

संस्थापक दिन या वर्षी शुक्रवारीच आला. चॅपल खच्चून भरलं. बिशपसाहेब जांभळ्या झग्यात, त्यांच्या शेजारी मोठे सर, आणि त्यांच्या शेजारी बाई. झेंडा दिमाखात आला, गुलाबी छटा घडीत लपवलेली होती. पुढचा बाक मात्र रिकामा. पाहुण्यांपैकी कुणी चुकून बसू नये म्हणून बाईंनी त्यावर फुलांची मोठी परडी ठेवली होती आणि पितळी पाटी घासून आरशासारखी केली होती. थोडक्यात, बाकावर कुणी बसू नये याची चोख व्यवस्था त्यांनी जातीने केली होती.

कबुलीची प्रार्थना सुरू व्हायच्या बेतात होती. सगळे गुडघे टेकायला वाकले तेवढ्यात गायकवृंदाच्या रांगेतून एक पांढरा झगा उठला. बाईंची लेक. ती पायऱ्या उतरली, मधल्या मोकळ्या जागेतून सरळ पुढच्या बाकापाशी आली, परडी उचलून जमिनीवर ठेवली आणि बसली. तिचे कान लाल झाले होते.

बाईंच्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं ते सांगायलाच हवं, त्याशिवाय त्यांची लाज कळायची नाही. पहिलं आलं, बिशप बघतायत. दुसरं आलं, उपमुख्याध्यापिकेची मुलगी, आणि आजच्या दिवशी. तिसरं आलं, काय करून ठेवलंय हिने, परीक्षेत नक्कल की कुणी मुलगा. पोरीला काय होत असेल, हे पहिल्या तिनांत कुठेच नव्हतं.

बाई उठल्या. व्यासपीठावरून खाली आल्या, वाकून लेकीचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऊठ. आज नाही."

लेकीने वर पाहिलं. "आई, बसू दे ना मला."

"ऊठ म्हणतेय ना. जागेवर जा. तमाशा नको."

लेक उठली. बाईंनी परडी उचलून परत बाकावर ठेवली, पाकळ्या सारख्या केल्या आणि वर येऊन गुडघे टेकले. मग सगळ्या शाळेने एका सुरात कबुली म्हटली. बाईंचा आवाज त्यात नेहमीसारखा स्वच्छ होता.

पुढे त्यांचं भाषण. शाळेचा इतिहास आणि शाळेची मूल्यं, हा विषय. आठवडाभर घोटलेलं भाषण थांबवायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं. संस्थापक आले, फुटलेली काच आली, छड्या आल्या, उंच खुर्ची आली. आणि मग ते वाक्य आलं, ज्याच्यासाठी बाईंनी सगळी मांडणी केली होती: "शाळा सुरू झाल्यापासून आजपर्यंत या बाकावरून कुणालाही उठवण्यात आलेलं नाही."

लहान मुलांच्या रांगेत एक हसू फुटलं आणि तिथेच दाबलं गेलं. मोठी पोरं हसली नाहीत. ती नुसती बाईंकडे बघत होती, आणि शेवटच्या रांगेतून, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर, शिडीही बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बाईंना जरा बरं वाटलं असतं.

जेवणाच्या वेळी बिशपसाहेब म्हणाले, "भाषण उत्तम झालं हं. ती झग्यातली मुलगी कोण होती? बरं नव्हतं का तिला?"

बाई म्हणाल्या, "हो, चक्कर आली असावी. नववीतली आहे एक."

नववीतली आहे एक. जिला नऊ महिने पोटात वाढवलं, तापात जिच्या उशाशी रात्री काढल्या, ती नववीतली एक. त्यानंतर लगेच बिशपांनी उभं राहून जाहीर केलं, की पुढच्या सत्रापासून मुख्याध्यापिका या बाई. टाळ्या कडकडल्या. संस्थापक तैलचित्रातून ताटांकडे बघत होते. बाईंनी हात जोडले आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा दुकानात बापलेक समोरासमोर उभे राहून चादरींच्या घड्या घालत होते. दोघं चार टोकं धरायची, झटकायची, जवळ यायची, पुन्हा लांब जायची. बाई दारात उभ्या राहिल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, हातातली चादर खाली ठेवली आणि म्हणाला, "अगं, ये आत. ही काहीतरी सांगणार आहे. मला सांगून झालंय."

बाईंनी ओठांवर आलेलं सगळं गिळलं. "का बसलीस म्हणून मी विचारत नाहीये," त्या म्हणाल्या. "विचारायचं नसतं."

"उठवायचंही नसतं," लेक म्हणाली.

लेकीने चादरीचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला सुरुवात केली. तालमीनंतर ती झग्यांच्या खोलीत एकटीच होती. मैत्रिणीने दिलेली नेलपॉलिशची बाटली घरी आणायची सोय नव्हती, म्हणून तिथेच लावून बघत होती. झेंडा कपाटाबाहेर काढला तोही तिनेच, अंगावर घेऊन आरशात बघायला. बाटली कलंडली. तिने झेंडा घडी करून होता तसा ठेवला आणि पळून आली.

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुला?" लेक म्हणाली. तिने हे उद्धटपणे विचारलं नव्हतं, तिला खरोखरच नवल वाटलं होतं. "तू शिडीताईला वर्गात उभं केलंस ते ऐकलं, मग आणखीच भीती वाटली. मला वाटलं विसरतील सगळे. मग त्या शुक्रवारी..."

"त्या शुक्रवारी काय?"

"ते नाही सांगता येत. ते दुसऱ्याचं आहे. पण ते बघितल्यावर मला झोपच येईना, म्हणून आज बसले. बोलायचं धाडस नव्हतं. बसायचं होतं."

नवरा म्हणाला, "आता पोरीला काही बोलू नकोस. आपल्या घरात तिला नखं रंगवायची चोरी, आणि डागाचा पंचनामा करायला तू झेंडा माझ्याकडेच आणलास. मीही हिच्या बोटांकडे पाहिलं नाही. आपण दोघं कपड्यांचे डाग बघण्यात हुशार."

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना लेकीची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती, आणि ती नवी वस्तू होती, कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. "शिडीताईला सांगताना माझं नाव घेतलंस तरी चालेल," लेक म्हणाली. "उद्या बघू" असं बाई म्हणाल्या. मग उद्या शनिवार होता, रविवारी शाळा नव्हती, आणि सोमवारी दहावीवर जाताना त्यांनी ठरवून टाकलं की हे शुक्रवारी करावं. बाकावर. परंपरेप्रमाणे. संस्थापकांनी केलं तसं. मधल्या दिवसांत शिडी रोज तिसऱ्या रांगेत बसून सनावळ्या उतरवून घेत होती आणि बाई फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ लिहीत होत्या.

शुक्रवारी कबुलीच्या आधी बाई व्यासपीठावरून उतरल्या आणि पुढच्या बाकावर गुडघे टेकून बसल्या. लाकूड गुडघ्यांना टोचत होतं. बाईंनी डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. बाहेर येताना त्या हलक्या पावलांनी चालत होत्या.

ओसरीत मोठे सर वाट बघतच होते. "मी कारण विचारत नाही बाई," ते म्हणाले, "पण याला म्हणतात मूल्यं. संस्थापकांनंतर तिथे बसलेल्या वरिष्ठ तुम्हीच. स्मरणिका छापून झाली नसती तर मी हे घातलं असतं. पाटीवर एक ओळ वाढवायला काय हरकत आहे?"

"सर, झेंड्याच्या बाबतीत माझ्याकडून त्या दहावीच्या मुलीवर अन्याय झालाय."

"झाला असेल, झाला असेल. पण आता बसलात ना तुम्ही? संपलं. उगाच खाजवून खरूज कशाला काढायची, आणि तीही खुर्चीत बसायच्या तोंडावर?"

तेवढ्यात दहावीची रांग ओसरीतून गेली. शिडी बाजूला सरकली, बाईंना वाट दिली, आणि मान खाली घालून म्हणाली, "गुड मॉर्निंग बाई." रोज म्हणायची तसंच. तिच्या आयुष्यात कशातच काही फरक पडला नव्हता. झेंडा गेला होता, आईवडील आले नव्हते, वर्गासमोर ती खोटारडी ठरली होती, आणि बाई मात्र थोर झाल्या होत्या. पाटीवर ओळ वाढणार होती.

बाईंना आपली पाटी आठवली. संस्थापक उतरले, संस्थापक बसले. आणि तो मुलगा? छड्या खाल्लेला? त्याचं नाव बाईंनी कधी शोधलंच नव्हतं. त्या शुक्रवारी तो कुठल्या रांगेत होता, त्याला कुणी काही म्हणालं का, हातावरचे वळ दुखत असताना त्याने संस्थापकांच्या पाठीकडे बघून काय म्हटलं असेल, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलं नव्हतं. इतकी वर्षं पाहुण्यांना ती गोष्ट सांगताना त्या मुलाची आठवण एकदाही झाली नाही, याची बाईंना शरम वाटली.

"पाटी नको सर," त्या म्हणाल्या, आणि सरळ दहावीच्या वर्गाकडे निघाल्या.

तास गणिताचा होता. बाईंनी गणिताच्या सरांकडून थोडा वेळ मागून घेतला. सर बाहेर जायला निघाले तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्हीही थांबा." मग त्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. बोलण्याला पहिल्यांदाच सुरकुत्या पडत होत्या.

"झेंड्यावरचा डाग माझ्या मुलीने पाडला. तिने मला सांगितलंय, आणि तिचं नाव घ्यायची परवानगीही दिलीय. ती चूक तिची. पण न विचारता, न शोधता, मी इथे, याच जागी, एका मुलीला खोटं ठरवलं. तिचा मान काढून घेतला. ती खरं बोलत होती. ती चूक माझी, आणि ती बाकावर बसून फिटत नाही. म्हणून इथे सांगतेय." त्या शिडीकडे वळल्या. शिडी उभी राहिली होती, उभं केल्यावर राहायची सवय लागल्यासारखी. "मला माफ कर. तुझ्या आईवडिलांना मी स्वतः फोन करून सांगेन. मिरवणूक तर गेली, ती मला परत आणता येत नाही."

गणिताचे सर खडूकडे बघत होते. शिडीने दोन्ही हात बाकावर टेकले. उंच मुली बोलताना जरा वाकतात, तशी ती वाकली होती.

"बाई," ती म्हणाली, "मी बसले होते. सांगायचं नसतं, पण माझंच आहे म्हणून सांगते. त्या शुक्रवारी तुम्ही छापखान्यात गेला होता, तेव्हा मी बाकावर बसले होते."

बाईंना लेकीचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं.

"तुम्ही म्हणाला होता ना, बसलीस तर झेंड्याचं बघता येईल. आईबाबांनी रजा काढली होती. म्हणून बसले. मग गुडघे टेकल्यावर काहीतरी म्हणायला पाहिजे, नाहीतर बसणं खोटं होईल. काय म्हणायचं ते कळेना. मग मी देवाला सांगितलं की डाग मीच पाडला, मला माफ कर." तिला खरोखरच उत्तर हवं होतं, इतिहासाच्या तासाला एखादी शंका विचारावी तसं. "बाई, ती माफी आता परत घेता येते का?"

शाळेचा सगळा इतिहास बाईंच्या जिभेवर होता, आणि त्यात याचं उत्तर नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या. शिडीही उभीच होती, कारण तिला अजून कुणी बस म्हटलं नव्हतं.